दार उघडलं की मोटार मेली

दत्तू, काल तुझा दहावा झाला. प्रवरासंगमावर पिंड ठेवला आणि लोकांनी माना वर करायच्या आत कावळा शिवला. सगळे खूश झाले. तुझे चुलते म्हणाले, "बगा, कायबी मागं न्हाई ठिवलं पोरानं. तृप्त हुऊन गेलं." मी वरच्या पायरीवर चपलांपाशी उभा होतो. तिथूनच मी तुला एक सणसणीत शिवी हासडली. काही मागं ठेवलं नाहीस? आपल्या लेथच्या आडव्या स्लाइडची मोटार अजून मधेच अडखळते, पॅनेलमधला पंखा जोडायचा राहिलाय, आपलं भांडण अर्ध्यात लटकलंय, आणि तू त्या कावळ्याला पहिल्याच हाकेला धाडून दिलंस. खोटारडा होतासच तू. मेल्यावरही सवय गेली नाही.

रडणं मला जमतं, पण ते नंतर. आधी राग संपू दे. या दिवसांत तुझ्या ओट्यावर बसून लोक काय काय बोलले ते तुला सांगायला हवं, कारण असल्या गोष्टींवर तूच सगळ्यात मोठ्यानं हसायचास. एक पाहुणे म्हणाले, चांगल्या माणसांना देव लवकर नेतो. मी विचारलं, मग तुमचं वय काय? ते चहा अर्धा टाकून उठले. दुसरा एक जण तुझ्या यंत्राभोवती फिरून, हातानं ठोकून, मोडीत लोखंड किती निघेल याचा अंदाज घेत होता. आणि तिसरा म्हणाला, "शिंगणापुरात राहून दार बसवलं. मंग दुसरं काय व्हनार?" यावर बऱ्याच माना हलल्या. खरं तर त्या हललेल्या मानांसाठीच मी हे लिहायला बसलोय.

आपण नगरच्या एमआयडीसीत भेटलो. तू टर्नर, मी आयटीआय करून श्रीगोंद्याहून आलेला इलेक्ट्रिशियन, दोघंही शिकाऊ. कंपनीत पहिलं कॉम्प्युटरवर चालणारं लेथ आलं, तेव्हा त्याला हात लावायची आपल्याला परवानगी नव्हती. तू डबा खायच्या सुट्टीत त्याच्या काचेला नाक लावून उभा राहायचास. एकदा मागं वळून म्हणालास, "मिल्या, हे आपुन घरी करू." मी म्हणालो, आधी घराला दार कर. तुझं गाव शिंगणापूर. तिथं घराला चौकट असते, पडदा असतो, दार नसतं. चोराची काळजी देव करतो. त्या दिवसापासून तुझ्या दाराची चेष्टा हा माझा रोजचा धंदा झाला.

आणि तू खरंच केलंस. कुठल्या तरी बंद पडलेल्या वर्कशॉपचं जुनं लेथ उचललंस, मोडीत निघालेल्या यंत्राच्या मोटारी आणल्यास, पिवळा पडलेला एक कॉम्प्युटर आणलास, ज्याच्या फ्लॉपीवर आपण देवापेक्षा जास्त भरवसा ठेवायचो. सगळं नेऊन ठेवलंस वडिलांच्या बंद पिठाच्या गिरणीत, कारण तिथं थ्री-फेज कनेक्शन होतं. भिंतीवर अजून पीठ होतं. पहिले काही महिने आपण पॅनेल उघडलं की आतून ज्वारीचा वास यायचा.

मी पहिल्यांदा घरी आलो तेव्हा तुझी आई, आक्का, उंबऱ्यात बसून मिरच्या निवडत होती. मला खालून वर बघून तिनं तुला विचारलं, "कुनाचा ह्यो?" हा प्रश्न मला ओळखीचा होता. त्याचं उत्तर दिल्यावर पुढं काय होतं तेही ओळखीचं होतं. तू पॅनेलचा पत्रा खांद्यावरून उतरवत म्हणालास, "माजा." बस्स. चहा आला तो घरातल्याच कपात आला, आणि मी तो कप उगाच फिरवून फिरवून बघत बसलो. यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आता मानतोय, तर तू ऐकायला नाहीस. तुझ्या सगळ्या गोष्टी अशाच वेळ चुकवून.

आता त्या दाराचं. कंपनीत आपल्याच लाइनवरच्या एकाचा पंजा प्रेसखाली गेला, ते तुला आठवत असेल. काम भराभर व्हावं म्हणून प्रेसपुढची जाळी काढून ठेवली होती. त्याला रिक्षात घालून नेताना तू त्याचं मनगट धरून बसला होतास. परत आलास तेव्हा शर्ट बदलला नाहीस, फक्त म्हणालास, "आपल्या मशिनीला दार पायजे." मी म्हणालो, तुमच्या घराला नाही, आणि मशिनीला? तू म्हणालास, "चोराचं देव बगंल. करंटाचं कोन बगनार?" तुझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात शहाणं वाक्य, आणि मी त्यावर हसलो होतो.

दार केलंस ते मात्र झकास. पत्र्याची चौकट, मधे जाड पारदर्शक प्लास्टिक, खाली रूळ, आणि बाजूला सरकणारं. दाराची कड जिथं येऊन टेकायची तिथं, यंत्राच्या अंगावर, मी एक स्विच बसवला, काळा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, वर एक छोटा दांडा. दार पूर्ण लागलं की ते दांडा दाबायचं आणि तेव्हाच मोटारीला वीज मिळायची. दार बोटभर सरकलं तरी दांडा सुटायचा, पॅनेलमधला मोठा खटका "ठक" करून पडायचा आणि मोटार जागेवर मरायची. मग कॉम्प्युटरनं कितीही हुकूम सोडू देत, दार लागेपर्यंत ती हलायची नाही. तू ते गावातल्या प्रत्येकाला करून दाखवलंस. एका हातानं दार सरकवायचास आणि दुसऱ्या हाताचं बोट वर करून म्हणायचास, "दार उघडलं की मोटार मेली!" लोक टाळ्या वाजवायचे. दार नसलेल्या गावातलं एकुलतं एक दार, तेसुद्धा खेळ करणारं.

आणि तिथंच आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचो, आधी पॅनेलवरचं सगळं बंद करणारं तांबडं बटण दाब, मग दार उघड, मग हात घाल. तू म्हणायचास, दार उघडलं की मोटार मेलीच, मग बटण कशाला? मी म्हणायचो, स्विच ही वस्तू आहे, वस्तू बिघडते, दुसरा एक स्विच दाराच्या वरच्या कडेला लावू. तू म्हणायचास, येक दार, येक स्विच. मी म्हणायचो, निदान गळ्यातला तो मफलर तरी काढ. तू तो मफलर आणखी एक वेढा मारून घट्ट करायचास आणि म्हणायचास, "मेल्याली मोटार मफलर वडती व्हय रं?" मेलेली ओढत नाही, दत्तू. मान्य. या एका मुद्द्यावर तू शेवटपर्यंत बरोबर होतास, आणि त्याचं तुला काय करायचंय ते कर.

मी तुझ्यावर अन्याय करतोय असं वाटत असेल तर हेही लिहून ठेवतो. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी तू मोटार रिकामी फिरवायचास आणि दार उघडून ठक ऐकायचास. ठक ऐकल्याशिवाय तू चहासुद्धा घेत नव्हतास. त्या शनिवारीही तू ते केलंस, हे वहिनींनी मला सांगितलं. ठक झालं. मग तू आंघोळीला गेलास.

ती शनि अमावस्या होती. सकाळपासून रस्त्यावर गाड्यांची रांग, तेलाच्या बाटल्या विकणारे, दुकानादुकानांतून कर्णे लागलेले. विहिरींच्या पंपांचे बुश संध्याकाळपर्यंत द्यायचे म्हणून तू तशा गर्दीतही काम काढलंस. तुझ्या यंत्राची रीत अशी की एक फेरी झाली की ते थोडा वेळ थांबायचं, तेवढ्यात तू दार उघडून लोखंडाचा किस काढायचास, दार लावलंस की कॉम्प्युटर पुढची फेरी सुरू करायचा. त्या दिवशीही थांबलं. तू दार उघडलंस. ठक झालं नाही. बाहेर कर्णा इतका ठणाणा करत होता की ठक झालं नाही हे तुला कळायचं काही कारणच नव्हतं. तू नेहमीसारखा वाकलास. दार लागलेलंच आहे असं समजून कॉम्प्युटरनं पुढची फेरी सुरू केली, आणि मफलरचं टोक आधी गेलं.

तांबडं बटण वहिनींनी दाबलं. भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं. बटणावर त्या पिठाचे ठसे मी पाहिले. बटण दाबल्याबरोबर मोटार थांबली, दत्तू, माझं बटण चाललं, आणि त्याचा कुणालाही काहीही उपयोग झाला नाही.

मी कंपनीतून आलो तेव्हा दिवस मावळत होता. तुला नेलं होतं. हवालदार पंचनामा लिहीत होता आणि यंत्राला हात लावायला घाबरत होता. मला म्हणाला, वायरमन तुम्हीच ना, बघा जरा काय झालं. मी मेन स्विच काढला, खाली बसलो, दाराच्या कडेच्या त्या स्विचपाशी बॅटरी नेली. दार सताड उघडं होतं आणि दांडा खाली दाबलेला होता. दाबणारं कुणी नव्हतं. मग दिसलं. काळ्या स्विचवर काळा दोरा. स्विच आणि दांडा दोन्ही मिळून करकचून वेढे घातलेले, आणि शेवटी गाठ.

ती गाठ कुणाची हे मला विचारावं लागलं नाही. आक्का कित्येक महिने म्हणत होती, मशिनीला दृष्ट लागंल, अमावशेला दोरा बांदते. तू हसण्यावारी न्यायचास. त्या सकाळी तू आंघोळीला गेलास आणि तिनं देवळाजवळून आणलेला दोरा घेऊन यंत्राभोवती फिरून पाहिलं असणार. सगळं गुळगुळीत, रंगवलेलं, तेलकट. दोरा अडकवायला त्या अख्ख्या यंत्रावर एकच खुंटी होती. ती मी बसवलेली. आणि दार तेव्हा लागलेलं होतं, कारण तू ते नेहमी लावूनच जायचास. दांडा दाबलेलाच होता. तिनं तो तसाच बांधून टाकला, तुझ्या भल्यासाठी, दोन्ही हातांनी, देवाचं नाव घेत.

हवालदारानं विचारलं, "काय सापडलं का?" मी कटरनं दोरा कापला, मुठीत घेतला आणि म्हणालो, "स्विच फेल झाला." त्यानं तसं लिहून घेतलं.

आता याचा अर्थ तुला कळतोय ना? वायरिंग माझं. स्विच मी निवडलेला. माझ्या धंद्यात स्विच फेल झाला, माणूस गेला, असं एकदा म्हटलं की तो माणूस मी मारला. तुझ्या चुलत्यांनी दुसऱ्याच दिवशी घरातल्या बोर्डाचं काम दुसऱ्या वायरमनला सांगितलं, माझ्यासमोर, माझ्याकडे न बघता. वहिनी माझ्याशी बोलतात, पण उत्तराएवढंच. तुझ्या गावात आता दोन मतं आहेत. अर्ध्यांच्या मते दार बसवलं म्हणून कोप झाला, अर्ध्यांच्या मते श्रीगोंद्याच्या त्या पोराचं वायरिंग कच्चं होतं. ज्या एका वेळी तुझं दार उघडं असून बंद असल्यासारखं वागलं, त्याच वेळी तू गेलास, आणि दाराला फाशी द्यायला अख्खं गाव तयार आहे. दार निर्दोष आहे हे ठाऊक असणारा मी एकटा, आणि मी गप्प आहे. तू असतास तर पोट धरून हसला असतास.

काल घाटावरून परत आल्यावर आक्का गिरणीत आली. माणसं बसली होती. ती सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ते दार काड." मी उठून उभा राहिलो. ती म्हणाली, "माज्या घराला न्हाई, माज्या सासऱ्याच्या घराला नव्हतं, तुमी दोगांनी मशिनीला बसवलं. मी सांगत हुते. दारानं खाल्लं माजं लेकरू. दार तुमचं, वायरी तुज्या, आन् मेला त्यो एकटा." मग तिनं मला मारलं. जोरात नाही, तिच्यात जोर कुठला. छातीवर, दोन्ही मुठींनी, डाव्या बाजूला, खिशावर.

दत्तू, त्या खिशात तो दोरा होता.

खरं सांगतो, तू मला साधू समजू नकोस. त्या क्षणी मला तो बाहेर काढावासा वाटला. सगळ्यांसमोर, तिच्या डोळ्यांपुढं धरून विचारावंसं वाटलं, हा कुणाचा? एका वाक्यात माझं वायरिंग पक्कं झालं असतं, दार सुटलं असतं, गावाची तोंडं बंद झाली असती, आणि तुझी आई तिथल्या तिथं संपली असती. माझी बोटं खिशाच्या तोंडापर्यंत गेली होती. मला थांबवलं ते दयेनं नाही. मला तो चहाचा कप आठवला, आणि तुझा राग आला. तू मला या घरात आणलंस आणि स्वतः निघून गेलास, आता तिच्या आणि या दोऱ्याच्या मधे मी एकटा उभा. मी पाना घेतला आणि दार काढलं. माणसं बघत होती. शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा कुणीतरी हुश्श केलं.

दार मी बाहेर भिंतीला टेकवून ठेवलंय. स्विच जागेवरच आहे, वायरी जागेवर आहेत, एकही तोडली नाही. दाराशिवाय तो दांडा दबत नाही आणि दांडा दबल्याशिवाय मोटारीला वीज मिळत नाही. ज्याला घ्यायचं त्यानं मोडीत घ्यावं, पण तुझं यंत्र आता उघड्या तोंडानं कधी फिरणार नाही. आपल्या भांडणात एवढं मी तुझ्या बाजूनं केलं.

संध्याकाळी मी निघालो. मोटरसायकलला किक मारणार तेवढ्यात आक्का मागून आली. चेहरा धुतलेला होता. म्हणाली, "मिलिन, थांब. तू बी तसल्याच मशिनीत काम करतो. हात कर फुडं." तिच्या हातात काळ्या दोऱ्याची गुंडी होती. तुला ठाऊक आहे, मागं दोनदा तिनं विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मी हसून हात मागं घेतला होता. आमच्या घरात दोरे-गंडे चालत नाहीत. माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी ते तोडून टाकले, आणि तेव्हापासून आमच्यात कुणाच्या मनगटाला काही बांधलेलं नाही. तिला ते माहीत होतं, तिनं कधी राग धरला नाही, "बरं, ऱ्हाऊ दे" एवढंच म्हणाली होती.

काल मी हात पुढं केला.

ती वेढे घालत गेली. हळूहळू, एकावर एक, घट्ट. आणि खाली मान घालूनच बोलली, जणू माझ्याशी नाही, दोऱ्याशीच. "त्याच्या मशिनीला बांदला हुता मी. त्या दिशी सकाळी. कुनाला बोलले न्हाई. आर्दाच बांदला, मिलिन. आर्दा तुज्यासाटी ठिवला, म्हनलं कदी ना कदी घेईल बांदून. तितंच कमी पडले मी. समदा त्याला बांदला असता तर वाचला असता माजा दत्तू."

मी तिला म्हणालो, "घट्ट बांधा, आक्का."

आता घरी बसून हे लिहितोय. माझ्या आईनं ताट वाढताना मनगटाकडे दोनदा बघितलं. उद्या कामावर विचारतील. फिरत्या यंत्रापाशी हातात दोरा नको, हा नियम मीच नव्या पोरांना शिकवतो. तीच गाठ आहे, दत्तू. सुटत नाही, कापावी लागते. कटर समोर ठेवलाय.